अर्धा नंबर

कुडाळला तौसिफच्या दुकानात सकाळीच गेले, तर म्हणाला,
"मावशी, आता नको. सांजचा येवा.
सकाळचो पाय खोटा बोलता."
मग बाजारात वेळ काढला. सुके बांगडे घेतले,
स्टँडवर दोन चहा. पाचला परत.

टाचेत काय होतं ते सांगते.
पहाटे खाटेवरून पाय खाली टेकला
की खडपावरचं कालव आत शिरावं, तसं.
डॉक्टर म्हणाले, हाड वाढलंय.
म्हटलं, या वयात काहीतरी वाढतंय.

एकतीस वर्षं मी नर्सबाई, कोचऱ्यापासून निवतीपर्यंत.
खांद्याला लसींचा डबा, पायात निळ्या पट्ट्याची स्लिपर,
खाली जांभा: उन्हात तवा, पावसात शेवाळ.
किती पोरं काट्याला टांगून वजन केली,
किती दंडांचे घेर, किती पोटांचे महिने
टेप लावून वहीत लिहिले.

तौसिफने लादीवर कागद पसरला.
"उभ्या रवा. बसान माप गावना नाय."
गुडघ्यावर बसून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली.
मला गुदगुल्या झाल्या, हसू दाबलं.
पट्टी लावली, पुन्हा लावली.
"मावशी, तुमचो डावो अर्ध्या नंबरान मोठो आसा."

अठ्ठावन्न वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.
आईने नाही,
लग्नात जोडवी चढवणाऱ्या सोनारानेही नाही.
म्हणजे डावी स्लिपर आधी तुटायची ती यामुळे,
आणि मी आपली तिलाच शिव्या घालत होते.

पहिला बूट गुलाबी, तळ चार बोटं जाड.
पाय घातला आणि पाय हरवला.
खाली लादी आहे की चिखल, कळेना,
घोटा होडीसारखा डुलायला लागला.
वेळागरच्या कोरड्या वाळूत चाललात कधी?
मऊ खरी, पण दहा पावलांत पोटऱ्या भरून येतात.
"ह्यो नको," मी म्हटलं.
त्याने मान डोलावली, जसं काही परीक्षाच घेत होता.

"चलूक व्हयो की धावूक?"
मी गप्प झाले.
धावले होते एकदा. केळूसचा एक मुलगा,
फुरसं चावलेलं, आणि इंजेक्शन माझ्या डब्यात.
स्लिपरा हातात घेऊन अनवाणी सगळा सडा.
मुलगा आता गोव्यात ट्रक चालवतो.
"दोन्ही," मी म्हटलं.

शेवटी जो बसला तो पुरुषांचा, सात नंबर, रुंद.
काळा, पिवळ्या तळाचा, दिसायला अगदीच गलबत.
अंगठ्यापुढे अंगठ्याएवढी जागा,
टाचेला मागून घट्ट धरलेलं.
आणि तळ कसा? तर ओहोटी नुकतीच उतरल्यावर
पाणी निथळलेली वाळू असते ना, तसा:
पाय रुतत नाही, पण जागा करून देते.
दुकानात तीन फेऱ्या मारल्या. चौथी उगाच.
उजव्यात तौसिफने जास्तीचा पातळ तळवा सरकवला,
त्याचे पैसे घेतले नाहीत. मी सुक्या बांगड्यातले चार दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले.
वाडीतली कुत्री माझ्यावर भुंकली.
मोंडकरांचा लाल्या, ज्याच्या आईच्या आईला मी ओळखत होते,
तोही दात दाखवून.
तेव्हा लक्षात आलं, आवाजच नाही.
एकतीस वर्षं ते फटक-फटक पुढे जायचं माझ्या,
आणि पोरं माडाच्या आळ्यात लपायची,
सुया आल्या, सुया आल्या!
आता बूट काहीच बोलत नाहीत.

टाच दुखली नाही. खोटं कशाला, थोडी दुखली.
बंदराच्या उतारावर पावलं आपोआप जोरात पडली,
त्याला धावणं म्हणावं का, माहीत नाही.
परतताना मोंडकरांच्या गडग्याच्या वळणावर
मी मुद्दाम खोकले.
लाल्याने कान हलवले
आणि परत झोपला.